सुंदरबाईचं हसू उशिरा यायचं

१

रोज सकाळी हुकूमचंद शेटच्या घरात आधी पाणी गाळलं जायचं, मग चहा उकळायचा, आणि मग त्याच स्टोव्हवर जिनदासच्या सुया उकळायच्या. सुयांचं पातेलं सुंदरबाईने वेगळं काढून ठेवलं होतं. त्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

"डॉक्टर हाये माहा पोरगा," असं ती दारावरून जाणाऱ्या भाजीवालीलासुद्धा सांगायची.

आता जिनदास तिचा पोरगा नव्हता, पुतण्या होता. आणि अगदी खरं बोलायचं तर पुरता डॉक्टरही नव्हता. पण तो चार वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि या काकीनेच त्याला भरवलं, मारलं, शिकवलं, म्हणून पोरगाच म्हणा. आणि मुंबईत चार वर्षं एका बड्या डॉक्टरच्या हाताखाली काढलेली, म्हणून डॉक्टरच म्हणा. अख्ख्या मंगरूळपीरने म्हटलंच होतं, मग आपण कशाला मागे राहायचं?

काय ते मुंबईचं काम! देवीच्या व्रणांनी ज्यांचं लग्न अडलंय अशा पोरींच्या गालांचे खड्डे भरायचे. अपघातात चेहरा खचलेली माणसं यायची, त्यांचा गाल वर उचलायचा. आणि मागच्या दाराने, काळा चष्मा लावून, श्रीमंत बायका यायच्या सुरकुत्या घालवायला. औषध एकच. सिलिकॉन. पाण्यासारखं स्वच्छ, पण मधासारखं जड. बारीक सुईने थेंब थेंब कातडीखाली सोडायचं, की आतून कातडी वर येते आणि घडी मोडते. मुंबईचा डॉक्टर दोन गोष्टी रोज सांगायचा. एक, थोडं थोडं द्यायचं. दोन, आत गेलेलं परत बाहेर काढता येत नाही. पहिली गोष्ट बघून बघून जिनदासच्या हातात बसली होती. दुसरी त्याने ऐकली होती.

चौऱ्याहत्तर साली डॉक्टर दवाखाना बंद करून परदेशी गेला. जाताना जिनदासला दोन बाटल्या मिळाल्या. एक त्याने मागून घेतली, दुसरी न मागता.

सुंदरबाईच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, दोन उभ्या आठ्या होत्या. अशा खोल, की कुंकू लावलं तर त्यात उतरायचं. बाई मनाने लोण्यासारखी, पण बघणाऱ्याला वाटायचं आत्ता अंगावर येते. सून सूरजबाई, खरेदीसाठी सदा बाहेरगावी असणाऱ्या तिच्या मुलाची बायको, तीन वर्षांपूर्वी घरात आली, पण अजून उंबऱ्यावर उभी राहूनच बोलायची. तिचे यजमान हुकूमचंद शेट आपल्या कापडाच्या दुकानावरून थट्टा करायचे, "दुकानात हिले बसवलं त गिऱ्हाईक कापड घरीच इनीन म्हंते!"

सगळे हसायचे. सुंदरबाईही हसायची. पण एके दिवशी श्रावणात, जिनदास सुया मोजत असताना, ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"जिनू, मी रागावत नाई रे कोणावर. हे कपाळच तसं हाये. सूनबाई भेते मले. तुह्या बाटलीतलं काई होते का ह्याचं?"

जिनदासची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी.

"काकी, तू फक्त बस. पाह्य मंग कमाल."

२

आणि कमाल झालीच! आठ दिवसांत सूज उतरली आणि कपाळ असं निघालं, जसं इस्त्री केलेलं मांजरपाट. एक घडी नाही. बायका रांगेने बघायला आल्या. समोरची तेलवाल्यांची कंचनबाई तर रोज यायची, सुंदरबाईची हनुवटी धरून उजेडाकडे फिरवायची आणि म्हणायची, "माय वं! बाटलीतून नवी काढली का काय हिले? डॉक्टर, माह्या डोयाखालचं कवा करता?"

"पर्युषण होऊ द्या मावशी. मंग पयला नंबर तुमचाच."

मुंबईत इतकी वर्षं तो नुसता ट्रे धरून उभा राहिला होता, आणि आता त्याच्या हातचं काम गल्लीतून चालत देवळात जायचं, आणि लोक वळून बघायचे. आरशात स्वतःला बघावं तसा तो काकीला बघायचा.

सूरजबाई उंबरा ओलांडून आत आली ती याच आठवड्यात. सासूच्या शेजारी बसून तांदूळ निवडायला लागली. माहेरचं काहीतरी सांगत होती, मानोऱ्याच्या एस.टी.त एका म्हाताऱ्याची कोंबडी कंडक्टरच्या डोक्यावर कशी बसली ते. असं सांगितलं पोरीने की हुकूमचंद शेट हसून हसून खोकायला लागले. सुंदरबाईही हसली. हा हा हा, मोकळा आवाज.

जिनदास समोर बसला होता. त्याला जरा चमत्कारिक वाटलं. आवाज हसत होता, पण तोंड नाही. डोळे, गाल, ओठांचे कोपरे, सगळं पाटीसारखं सपाट. औषध अजून जड असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

मग शेट दुकानात गेले. सूरजबाई चुलीकडे गेली. खोलीत फक्त पंख्याचा कुरकुर आवाज आणि ताटात तांदूळ सरकल्याचा. सुंदरबाई खाली बघून खडे वेचत होती. आणि जिनदासच्या डोळ्यांसमोर तिचं तोंड हसलं. गाल वर गेले, डोळे मिटले, दात दिसले, पूर्ण खो खो हसू. आवाज मात्र एवढासाही नाही. बोटं तांदळातून खडे वेचतच होती.

"काय झालं काकी?"

सुंदरबाईने वर पाहिलं. तोंड अजून हसत होतं. "कुठी काय? खडे लय हायेत या तांदळात."

३

जिनदास काही घाबरणारा गडी नव्हता. त्याने एक वही केली. डाव्या बाजूला काकी कधी हसली, चिडली, वैतागली ते, आणि उजव्या बाजूला तिच्या तोंडावर ते कधी उमटलं ते. हातात घड्याळ घेऊन तो दिवसभर माजघराच्या दारात बसायचा.

पहिल्या दिवशी चार मिनिटं. आठवड्याने चाळीस. त्यानंतर तीन तास. सकाळी मोलकरणीवर ओरडली, तर राग दुपारी देवाच्या फोटोपुढे उमटला. त्याने पुस्तकं काढली. नस दबली असेल, सूज असेल, मेंदूकडून निरोप उशिरा पोचत असेल. पण निरोप तीन तास कुठे थांबतो, हे पुस्तकात नव्हतं. आणि पुस्तकात नाही म्हटल्यावर त्याला भीती वाटायच्या ऐवजी काय वाटलं असेल? आनंद! हे तर त्या मुंबईवाल्यालाही ठाऊक नव्हतं. हे त्याचं होतं. जिनदासचं.

मग गल्लीतल्या माणिकचंद शेटची आई गेली. बायका बसायला गेल्या, त्यात सुंदरबाई आणि सूरजबाई. अर्ध्या तासात दोघी परत आल्या. सुंदरबाईने पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता आणि दातात धरला होता. आत आल्यावर तिने तो सोडला. पदराखाली तोंड हसत होतं. सकाळी हुकूमचंद शेटने रेडिओवरच्या बाईची नक्कल केली होती, ते हसू.

"मी नाई हासली, जिनू," ती म्हणाली. हसऱ्या तोंडातून तिचा आवाज रडवेला येत होता. "तोंड हासलं."

"कोणी पाह्यलं का?"

सूरजबाई मधेच बोलली, "भाऊजी, त्यायनं पाह्यलं का नाई, हे इचारून राह्यले तुमी? आत्याबाईले काय झालं ते इचारा ना! अकोल्याले घेऊन चला ह्यायले. मोठ्या डॉक्टरले दाखवू."

"मोठा डॉक्टर कायले पायजे? म्या काय झक मारून राह्यलो का इथं?"

तो जरा जोरातच बोलला. पण अकोल्याला नेलं की काय होणार, हे त्याला दिसत होतं. कोणीतरी पांढऱ्या कोटातला माणूस काकीचं कपाळ अंगठ्याने दाबणार, आणि विचारणार, हे कोणी केलं? आणि मग हसणार. लगेच, वेळेवर.

"काकी, महिनाभरात सगळं बरोबर होते. हात ठेव माह्या डोक्यावर. तुह्या जिनूनं कधी काई बिघडवलं का?"

तिने हात ठेवला. तिचा त्याच्यावर विश्वास होता, हीच तर सगळी अडचण होती.

४

पर्युषण लागलं आणि घर शांत झालं. देऊळ, जप, दिवसातून एकदाच जेवण, तेही सूर्य चांगला वर असताना. सुंदरबाई न हसायची न चिडायची, त्यामुळे तोंडावरही काही यायचं नाही. वहीची उजवी बाजू कोरीच. जिनदासला वाटलं, बसली घडी.

चौथ्या दिवशी दुपारी ती माजघरात पाटावर बसून माळ ओढत होती. खिडकीतून ऊन येत होतं. दुकानातून कापड फाडल्याचा आवाज, टर्र, मग कात्री, मग परत टर्र. जिनदासने सहज मान वर केली.

सुंदरबाईचं तोंड भेलं होतं.

भेलं म्हणजे कसं सांगू? भुवया वर चढल्या होत्या. ओठ मागे ओढले गेले होते, इतके की हिरड्या दिसत होत्या. कपाळावर, जिथे त्याने एकेक घडी मोडली होती तिथे सगळ्या घड्या उभ्या राहिल्या होत्या, आणि गालांवर कधी नव्हत्या अशासुद्धा. तोंडाने समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघून असा आकार केला होता, जणू भिंतीतून काहीतरी वाकून तिच्या जवळ येतंय. आणि खाली बोटं शांतपणे माळेचे मणी सरकवत होती.

मग ते पुसलं गेलं. एका घडीत सपाट.

जिनदासने वही उघडली. कालचा दिवस, परवाचा दिवस, त्याच्या आधीचा. भीती कुठेच नव्हती.

"काकी, तू कवा भेली होती? काल? परवा?"

"मी कायले भेईन? बाप्पा, पर्युषणात कोणी भेते का?" ती हसली. आवाजाने.

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज दुपारी, आणि रोज जरा जास्त वेळ. जिनदास वही घेऊन आकडे जुळवत बसला, पण एकाही आकड्याला डाव्या बाजूला जोडी मिळेना.

ती मिळाली सूरजबाईला. सकाळी नऊच्या सुमाराला सुंदरबाई तुळशीला पाणी घालत होती आणि तिचं तोंड अचानक वेदनेने पिळवटलं, डोळे घट्ट, दात घट्ट. सूरजबाईने विचारलं, "काई दुखते का?" "काईच नाई." अकरा वाजता स्टोव्हवरचं पातेलं कलंडलं आणि उकळतं पाणी तिच्या मनगटावर सांडलं. ती ओरडली. भाजलं, फोड आला. पण तोंड? तोंड ढिम्म. कपाळावर एक रेघ नाही. तोंडाचं दुखून झालं होतं.

सूरजबाईने जळजळ थांबायला मनगटावर शाई ओतली आणि पट्टी बांधता बांधता जिनदासकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली गेला.

"भाऊजी, आता उशीर नाई होऊन राह्यला. आता तोंड आधी येते. मंग..."

"मंग काय?"

"मंग ते दुपारचं काय हाये?"

५

क्षमावाणीचा दिवस. देवळातून आल्यावर घरोघर हात जोडायचे, वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं असेल त्याची माफी मागायची. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. लहान थोराला, थोर लहानाला. सुंदरबाईचं पारणं झालं होतं. नवं लुगडं नेसून ती माजघरात खुर्चीवर बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. काय दिसत होती! येणारी प्रत्येक बाई तिच्यासमोर हात जोडायची आणि मग तिच्या कपाळाकडे बघत राहायची.

जिनदासही वाकला. "उत्तम क्षमा, काकी."

त्याने ते तसंच म्हटलं जसं सकाळपासून पन्नास जणांना म्हटलं होतं. एक शब्द जास्त नाही. जास्त म्हणायचं म्हणजे चुकलो म्हणायचं, आणि दारात कंचनबाई उभी होती.

"क्षमा हाये रे बाप्पा," सुंदरबाई म्हणाली. "तुह्यावर कशाचा राग?"

तोंडावर काही नव्हतं. राग नाही, माया नाही. तो क्षणभर थांबून बघत राहिला, कदाचित नंतर येईल म्हणून. मग त्याला आठवलं, आता नंतर येत नाही.

आता याच्या जागी दुसरा कोणी असता तर तिथेच पाय धरले असते. जिनदासने काय केलं, तर विचार केला. रात्रभर केला होता, सकाळी देवळात केला, आता पुन्हा. त्याला सगळं लख्ख दिसत होतं. बिघाड कुठे आहे? तोंड हलतं तिथे. डोळ्यांच्या कडा, गाल, ओठांचे कोपरे अजून मोकळे आहेत. ते भरले, की तोंड हलणार नाही. ते भयंकर तोंड कोणाला दिसणार नाही. आणि जे तोंडावर आलंच नाही, ते मागून तरी कसं येईल? दारच बंद केलं की झालं! हे त्याला इतकं पटलं, की आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

जेवणं आटपल्यावर त्याने पातेलं स्टोव्हवर ठेवलं. दुसरी बाटली फोडली.

सूरजबाई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "भाऊजी, पाया पडते तुमच्या. आजच्या दिवशी तरी नोको."

"बाजूले हो वहिनी. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या ना! काहून इतके भेता लोकायले?"

"मी कोणाले भेत नाई!"

माजघरातून सुंदरबाईचा आवाज आला, "येऊ दे वं त्याले. माहा पोरगा हाये तो. त्याले कळते."

सूरजबाई बाजूला झाली. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती तशीच भिंतीला टेकली.

६

माजघरात बऱ्याच बायका होत्या, पण जिनदासने फक्त कंचनबाईला राहू दिलं. तिचा नंबर पुढचा होता, तिने बघितलेलं बरं. बाकीच्या दाराबाहेर दाटून उभ्या राहिल्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं. दुकान आज बंद होतं, त्यामुळे कापडाचा आवाज नव्हता. नुसता पंखा.

त्याने स्पिरिटचा बोळा फिरवला. काकीचं तोंड हातात घेतलं. हनुवटीखाली बोटं, अंगठा गालावर. लहानपणी तिने असंच त्याचं तोंड धरून काजळ घातलं होतं, पण ते त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात होतं कोन, खोली, थेंब.

"डोये उघडे ठेव काकी. वर नोको पाहू. माह्याकडे पाह्य."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो वाकला. सुई उजेडात आली, टोकाला एक थेंब.

आणि सुंदरबाईचे डोळे बदलले.

तोंड नाही. तोंड तसंच, मांजरपाटासारखं सपाट, देखणं. पण त्या सपाट तोंडाच्या आत डोळे मोठे होत गेले, अजून मोठे, काळं पसरत गेलं आणि पांढरं थरथरायला लागलं. जणू कोणी दार बाहेरून लावून घेतलंय आणि आतला माणूस खिडकीशी येऊन उभा आहे. तिचा पट्टीचा हात उठला आणि त्याच्या मनगटावर बसला. घट्ट. नखं आत रुतली. तिला काहीतरी बोलायचं होतं, घसा हलत होता, पण ओठ हललेच नाहीत. तोंडाचं ते सगळं गेल्या आठवड्यातच करून झालं होतं.

ती भिंतीकडे बघत नव्हती. जिनदासच्या मागेही बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

त्याला तिच्या डोळ्याच्या काळ्यात तो स्वतः दिसला. एवढासा, वाकलेला, हातात चमकणारी सुई. आणि त्या एवढ्याशा माणसाच्या तोंडावर काहीतरी होतं. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. दात दिसत होते. जिनदासने जिभेने चाचपून पाहिलं. त्याचं स्वतःचं तोंड तर मिटलेलं होतं.

तो थांबला. खरंच थांबला. एक श्वास, दोन श्वास. मनगटावर नखं आणखी खोल गेली. एवढं म्हणायचं होतं, चुकलो काकी, आणि सुई बाजूला ठेवायची होती. शब्द जिभेवर आला होता.

"माय वं माय!" कंचनबाई त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "सुई डोयाजवळ आली तरी पाह्य कशी बसली! पापणी हालत नाई हिची. कपाळाले आठी नाई. काय हात हाये डॉक्टर तुमचा, काय हात हाये!"

दारातल्या बायकांमधून कौतुकाचा एक हुंकार आला, लांबच्या लांब.

जिनदासची छाती भरून आली. त्याने डाव्या हाताने काकीची बोटं मनगटावरून सोडवली, एकेक करून, अगदी हळुवार, जसं झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं काढावं. हात तिच्या मांडीवर नीट ठेवला.

"झालंच काकी," तो म्हणाला. "भेव नोको."

आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून तिचं तोंड त्याने जरासं उजेडाकडे फिरवलं.